वाचक विचारतात: सफरचंद, दालचिनी आणि शरदातलं कॉकटेल

गणपती ते दिवाळी हा आपल्याकडे सफरचंदाचा खरा हंगाम. आधी हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातला माल येतो, मागोमाग काश्मीर आणि किन्नौरचा. अमेरिकेत आणि युरोपातही याच दिवसांत सफरचंदं उतरवतात. म्हणून तिकडच्या शरदातल्या कॉकटेलमध्ये सफरचंदाचा ताजा रस, दालचिनी आणि लाकडी पिंपात मुरलेली दारू हे त्रिकूट ठरून गेलंय. यंदाच्या टपालात बहुतेक पत्रं त्यातल्याच एका पेयाबद्दल आहेत: सफरचंद-दालचिनीचं व्हिस्की सावर. व्हिस्की, लिंबू आणि पाक हा सावरचा पाया, त्यात सफरचंदाचा रस.

प्रश्न: अमेरिकन पाककृती मापानिशी पाळली. व्हिस्की ६० मिली, अ‍ॅपल सायडर म्हणून डब्यातला सफरचंदाचा रस ९० मिली, लिंबू २० मिली, दालचिनीचा पाक २० मिली. पेय गोड मिट्ट झालं, सफरचंदाची चव तर लागलीच नाही. काय बिघडलं? (पुणे)

मापं बरोबर होती, रस वेगळा होता. अमेरिकेत शरदात जे ‘सायडर’ विकतात ते बिनदारूचं असतं: आंबट आणि गोड जातींची सफरचंदं एकत्र दळून, दाबून काढलेला गढूळ, तपकिरी रस. (इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे आंबवलेली, दारू असलेली. पाककृती कुठली आहे हे आधी बघावं.) त्या रसात आंबटपणा मुळातच असतो, म्हणून २० मिली पाक खपून जातो. आपल्या बाजारात सर्वांत जास्त मिळतं ते रॉयल डिलिशियस. ते गोड, वासाला छान, पण आंबटपणा फार कमी. डब्यातल्या रसाची गोष्ट आणखी वेगळी. तो गाळून पारदर्शक केलेला, बऱ्याचदा घट्ट अर्कात पाणी घालून बनवलेला असतो. ‘फ्रूट ड्रिंक’ लिहिलेला डबा असेल तर त्यात फळाचा रस दहा टक्के असला तरी कायद्याला चालतो, बाकी साखर-पाणी. डबाच घ्यायचा तर ‘१०० टक्के रस’ आणि ‘साखर घातलेली नाही’ हे दोन्ही वाचून घ्या.

आपल्याकडच्या रसाला हे प्रमाण जमतं: व्हिस्की ४५ मिली, सफरचंदाचा ताजा रस ६० मिली, कागदी लिंबाचा रस १५ मिली, दालचिनीचा पाक १० मिली, अंगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडवट अर्काचे) दोन शिंतोडे आणि मिठाचे चारच कण. बर्फ घालून १२ सेकंद जोरात हलवा आणि ताज्या बर्फावर गाळून ओता. बिटर्स नसेल तर संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर पिळून तिचं तेल उडवा. कडवटपणा तेवढा येत नाही, पण पेय उघडं पडत नाही.

दारू ओतण्याआधी रसाची परीक्षा घ्या. वाटीत ६० मिली रस घेऊन त्यात ५ मिली लिंबू घाला आणि चाखा. मग आणखी ५. जिभेच्या कडांना पाणी सुटलं की तिथे थांबा. आता थेंब थेंब पाक घालून आंबटाची धार नुसती बोथट करायची, मोडायची नाही. बर्फाने थंड झाल्यावर गोडी कमी जाणवते, म्हणून वाटीत चव किंचित गोडाकडे झुकलेली चालेल. रॉयल डिलिशियसच्या पेटीत एखाददुसरं हिरवं ग्रॅनी स्मिथ मिसळलंत, म्हणजे तीन लालांना एक हिरवं, तर रस अमेरिकन सायडरच्या बराच जवळ जातो. ग्रॅनी स्मिथ परदेशातून येतं आणि महाग पडतं, पण चार जणांच्या पेयाला एक पुरतं.

परदेशी पाककृतीतलं लिंबू म्हणजे मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू त्याहून झणझणीत असतं आणि साल जोरात दाबली की कडवट होतं. म्हणून २० ऐवजी १५ मिली, आणि लिंबू हलक्या हाताने पिळा. मध्यम लिंबातून १० ते १५ मिली रस निघतो.

प्रश्न: ज्यूसर नाही. मिक्सरमधून काढलेला रस पाच मिनिटांत काळपट होतो आणि वर फेसाचा थर येतो. (नाशिक)

फळ चिरलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनला भेटतं आणि रस तपकिरी होतो. रस त्याने खराब होत नाही. अमेरिकन सायडरचा रंग तोच आहे. फक्त फार वेळ उघडा राहिला तर ताजा वास जातो आणि शिळ्या फोडीची चव येते. थंडी आणि आम्ल या दोन्हींनी एन्झाइम मंदावतं. म्हणून भांड्यात आधी १५ मिली लिंबाचा रस आणि बर्फाचे चार खडे टाका, फोडी त्यावर पडू द्या.

एक किलो सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, म्हणजे वरचं मेण निघतं. साल ठेवा, वास आणि तुरटपणा सालीत असतो. बिया मात्र काढा, दळल्या की कडवट होतात. फोडी फ्रीजमध्ये तासभर गार करून मग फिरवा. मिक्सर सलग चालवू नका: दहा सेकंद चालू, जरा थांबा, असं चार वेळा. सलग फिरवलं की लगदा गरम होतो, हवा मिसळते आणि तोच तुमचा फेस. लगदा खीर-पातळ झाला तर चोथा कपड्यातून बाहेर येतो. रव्याएवढा जाडसर राहिला पाहिजे.

मलमलचं फडकं किंवा जुना धुतलेला पंचा पाण्यात भिजवून, पिळून, दुहेरी घ्या. कोरडं फडकं बराच रस स्वतःच पितं. लगदा त्यात घालून आधी दहा मिनिटं नुसता निथळू द्या, मग पिळा. शेवटचा घट्ट थेंब काढायच्या नादात गर उतरतो, तिथे हात आवरा. किलोमागे साधारण ४५० ते ५५० मिली रस मिळतो. तो काचेच्या बरणीत काठोकाठ भरून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. फेस वर, साका खाली बसतो. फेस चमच्याने काढा आणि मधली निवळ अलगद ओतून घ्या. ताजा रस त्याच दिवशी वापरावा, फार तर दुसऱ्या दिवशी.

प्रश्न: दालचिनीचा पाक बुळबुळीत होतो. एकदा तर जेलीसारखा थरथरत होता. (ठाणे)

तुम्ही पूड वापरली असणार. दालचिनीच्या सालीत चिकट द्रव्य असतं, पूड पाण्यात पडली की ते सगळं सुटतं आणि कितीही गाळलं तरी जात नाही. अख्खी साल घ्या.

२०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, दोन इंची तुकड्यांची १० ग्रॅम दालचिनी. काडी हाताने मोडा, कुटू नका. उकळी फुटली की आच मंद करून पाच मिनिटं ठेवा, गॅस बंद करून झाकण घाला, पाऊण तासाने गाळा. जास्त मुरवलं की गोड वास मागे पडून लाकडाची तुरट चव पुढे येते. स्वच्छ, कोरड्या बाटलीत हा पाक फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो. गढूळ झाला किंवा बुडबुडे दिसले की फेकून द्या. चारशे ग्रॅम साखरेला दोनशे मिली पाणी घेतलं तर आणखी टिकतो, पण मग ग्लासमागे ७ मिलीच घाला.

वाण्याकडची जाड, एकाच थराची, तिखट साल बहुधा कॅसिया असते. पातळ, कागदासारखे पदर एकात एक गुंडाळलेली ती सिलोन दालचिनी, ती सौम्य आणि गोडसर. व्हिस्कीपुढे कॅसिया टिकते, सिलोन हरवून जाते. इथे स्वस्त तीच बरी.

गुळाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. २०० ग्रॅम गूळ, १५० मिली पाणी, विरघळेपर्यंतच गरम करा आणि कपड्यातून गाळा, कारण तळाशी माती-चिपाडाचा कचरा राहतोच. गुळाला स्वतःचा खारटपणा असतो, त्यामुळे ग्लासात मीठ घालू नका. गूळ रमबरोबर सुरेख जातो. व्हिस्कीबरोबर पेय जड होतं.

प्रश्न: बर्बनच लागते का? घरात भारतीय व्हिस्की आणि काळी रम आहे. आणि फेणी चालेल का? (मडगाव)

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के, मका असतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. तिचा व्हॅनिलासारखा गोड वास तिथूनच येतो. सफरचंद आणि दालचिनीशी तो जुळतो, म्हणून तिकडचे लोक ती घेतात. मध्यम किमतीची भारतीय व्हिस्कीही चालेल. धुराचा वास असलेली स्कॉच मात्र नको, सफरचंद तिच्याखाली दबून जातं. तुमच्या गोव्यातच बनणारी पॉल जॉनसारखी सिंगल माल्ट लिंबू-पाकात घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, ती नुसतीच घ्यावी.

काळी रम आमच्या मते भारतीय घरासाठी या पेयात सर्वांत उजवी. तिच्यात जळक्या साखरेची गोडी असते, म्हणून पाक १० ऐवजी ५ मिली आणि लिंबू १५ ऐवजी १८ ते २० मिली.

काजू फेणीचा वास इतका स्वतंत्र आहे की दालचिनी तिच्याशी भांडते. फेणीच घ्यायची तर दालचिनी काढून टाका: फेणी ३० मिली, रस ७५ मिली, लिंबू १५ मिली, आल्याचा रस अर्धा चमचा, साधा पाक १० मिली. माडाची फेणी सौम्य असते, ती ४५ मिलीपर्यंत चालते.

प्रश्न: शेकर नाही, मापाचा पेला नाही. (अमरावती)

खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण साबणाने धुऊन घ्या. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात आणि आपल्याला नेमकी हीच मापं लागतात. दारूसाठी पेगचं ३० मिलीचं माप. ‘अंदाजाने’ ओतलेल्या लिंबात पाच मिलीचा फरक सहज पडतो आणि एवढ्या लहान पेयात पाच मिली म्हणजे सगळंच.

शेकरऐवजी रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. निम्म्याहून जास्त भरू नका, आत खळखळायला जागा हवी. गार झालं की आतली हवा आकसते आणि झाकण आवळतं. कडेला तळहाताने एक टप्पल मारली की सुटतं. गरम पेय किंवा सोडा बंद डब्यात कधीही हलवू नका, झाकण उडतं.

तुमच्याकडची ऑक्टोबर हीट लक्षात घेता बर्फाकडे जास्त लक्ष द्या. ट्रेमधून काढून ठेवलेला, ओला, पाणी सुटलेला बर्फ पेयाला गार करण्याआधी पाणचट करतो. फ्रीजरमधून थेट डब्यात टाका. प्यायच्या ग्लाससाठी स्टीलच्या वाटीत एकच मोठा गड्डा गोठवा. लहान खड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी, त्यामुळे तो सावकाश वितळतो. वाटीवर झाकण हवंच. शेजारी मासळी किंवा वाटण असेल तर बर्फाला त्याचा वास लागतो आणि सफरचंदाच्या नाजूक चवीत तो लगेच कळतो.

प्रश्न: शेतावरून सायडरची मोठी बाटली आणली. आठवड्यात बाटली फुगली, उघडताना फसफसली. वापरावी का? शिवाय थंडीत हे गरम कसं करायचं? (न्यू जर्सी)

बाटलीवर पाश्चराइज न केल्याचा (म्हणजे तापवून जंतू न मारल्याचा) इशारा असेल तर त्यात जिवंत यीस्ट आहे. ते फ्रीजमध्येही हळूहळू साखर खाऊन वायू सोडतं. चव नुसती चुणचुणीत लागत असेल तर आंबायला सुरुवात झालीय एवढंच. व्हिनेगरसारखा वास, बुरशी किंवा तार दिसली तर ओतून द्या. पण फसफसणारं सायडर शेकरमध्ये घालू नका आणि बाटली पुन्हा घट्ट बंद करू नका. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं घरात असतील तर असं कच्चं सायडर उकळल्याशिवाय कुणालाच देऊ नये. अमेरिकेत कच्च्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूंची गंभीर लागण झालेली आहे. तो इशारा बाटलीवर त्याचमुळे छापावा लागतो. पुढच्या वेळी आणल्या दिवशीच बाटलीतलं थोडं काढून, वर जागा सोडून, निम्मं गोठवा.

गरम पेयासाठी अर्धा लिटर सायडर, दालचिनीचा दोन इंची तुकडा, तीन लवंगा, एक चक्रफूल, आल्याच्या चार चकत्या, संत्र्याच्या सालीची एक पट्टी. मसाले फडक्यात पुरचुंडी बांधून टाका. कच्चं सायडर असेल तर आधी मिनिटभर खळखळ उकळा, मग आच मंद करून वीस मिनिटं नुसतं वाफाळतं ठेवा. सतत उकळत राहिलं की शिजवलेल्या सफरचंदाचा वास येतो. तीनच लवंगा, चौथी नको. लवंगेतलं तेल जीभ बधिर करतं आणि मग पुढे काहीच कळत नाही.

दारू पातेल्यात कधीही घालू नका. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे रस उकळण्याच्या बऱ्याच आधी, आणि त्याची वाफ गॅसजवळ पेट घेऊ शकते. कपात ३० मिली रम, ५ मिली लिंबू, वरून १५० मिली गरम सायडर. काचेचा ग्लास असेल तर आधी कोमट पाण्याने विसळा, नाहीतर तडकतो.

प्रश्न: सावरवर पांढरा फेस असतो तो अंड्याचा ना? आम्ही अंडं खात नाही. (सांगली)

काबुली चण्याच्या पाण्याने तितकाच दाट फेस येतो. वाटीभर चणे रात्रभर भिजवा, ते पाणी टाका. ताज्या तीन वाट्या पाण्यात मीठ-सोडा न घालता कुकरला शिजवा आणि शिजलेले चणे त्याच पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पाणी गाळून मंद आचेवर आटवा. दोन बोटांत धरून बोटं लांब केली की बारीक तार सुटावी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. ग्लासमागे २० मिली. आधी बर्फाशिवाय सगळं वीस सेकंद हलवा, मग बर्फ घालून बारा सेकंद. भांड्याला तेलाचा नुसता हात लागला असेल तरी फेस बसतो, म्हणून फोडणीचा चमचा जवळ आणू नका. उरलेलं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका ग्लासाला एक खडा.

प्रश्न: दिवाळीला आठ जणांसाठी आधी करून ठेवता येईल का? (मुंबई)

येईल, लिंबू सोडून. सकाळी व्हिस्की ३६० मिली, रस ४८० मिली, पाक ८० मिली, बिटर्सचे दहा शिंतोडे आणि साधं पिण्याचं पाणी १५० मिली जगात एकत्र करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पाणी मुद्दाम घालायचं, कारण एरवी हलवताना बर्फ वितळून ते पेयात येतं आणि इथे आपण हलवत नाही. बिटर्स आठाच्या हिशेबाने सोळा व्हायला हवेत, पण मुरल्यावर कडवटपणा वाढतो. लिंबू सकाळी घातलं तर संध्याकाळपर्यंत त्याची तरतरी जाते, म्हणून १२० मिली रस पाहुणे यायच्या तासभर आधी पिळून घाला. बर्फ ग्लासात, जगात नाही.

गोड-आंबट पेयात दारू कळत नाही. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते, म्हणजे ४५ मिलीत शुद्ध अल्कोहोल १९ मिलीहून जास्त. दोन ग्लासांवर जाऊ नये आणि गाडी कुणीही चालवू नये. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्की-रमसाठी वय २५ पूर्ण हवं. २ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, खरेदी आधी करा.

प्रश्न: बिनदारूचं केलं की नुसतं सरबत लागतं. (कोल्हापूर)

दारूचा तुरटपणा आणि घशातली ऊब, या दोन गोष्टी हरवतात. तुरटपणा चहातून आणा, ऊब आल्यातून. १०० मिली उकळत्या पाण्यात एक चमचा चहा पावडर टाका, गॅस बंद, तीन मिनिटांनी गाळून गार करा. जास्त ठेवला तर कडू होतो. फ्रीजमध्ये कोरा चहा गढूळ दिसतो, त्याने चवीत फरक पडत नाही. रस ६० मिली, चहा ३० मिली, लिंबू १५ मिली, दालचिनीचा पाक १० मिली, आल्याचा रस ५ मिली. बर्फासह हलवून गाळा आणि वरून ६० मिली सोडा ओता. आल्याचा रस काढून पाच मिनिटं ठेवला की पांढरा साका तळाशी बसतो. वरचाच घ्या, साका पिठूळ लागतो.

प्रश्न: सफरचंदाऐवजी सीताफळ? मोसम तोही आहे. (बीड)

सीताफळाचा गर दाट आणि दुधाळ, लिंबाशी त्याचं जमत नाही. लिंबू ५ मिलीवर आणा, पाक अजिबात नको, रम ४५ मिली, बिया काढून चाळणीवर घासलेला गर ४० ग्रॅम आणि थंड नारळाचं दूध ३० मिली. गर गरम करू नका, तापला की कडू होतो. मिक्सरही टाळा, एखादी बी फुटली तरी सगळं टाकून द्यावं लागतं. चिरडलेली बी पोटात जाऊ नये, डोळ्यांना तर ती फारच बाधते.